परेडला उपाशी येऊ नका
आज एनसीसीच्या परेडला पहिल्या वर्षाची बरीच मुलं होती. ‘सावधान’मध्ये टाचा जुळलेल्या, पंजांमध्ये ३० अंशांचा कोन, ‘विश्राम’मध्ये पायांत १२ इंच अंतर. हे लवकर जमतं. कठीण असतं ते नुसतं उभं राहणं! मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यात पहाटेची लोकल गाठायला पोरं उपाशीच निघतात. गुडघे ताठ धरून ठेवले की रक्त पायांत साचतं, डोक्याकडे कमी पडतं आणि कॅडेट रांगेतच कोसळतो. बुटाच्या आत बोटं दाबत-सोडत राहा, पोटऱ्या अधूनमधून आवळा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच खाली बसा, शक्य असेल तर पाय उंच करून आडवे व्हा. लाजेखातर तसंच उभं राहणं म्हणजे शिस्त नव्हे, हे सीनियर्सनीच सांगायला हवं. निघताना एक केळं आणि पाणी तरी घ्याच. आणि नवे बूट आधी घरात थोडे दिवस वापरा, नाहीतर टाचेला फोड ठरलेला.