जोतिबाचा गुलाल छपाईत मळतो तो का?

चैत्र यात्रेच्या पत्रकातला गुलाल स्क्रीनवर झळाळतो, ऑफसेटवर मळकट उतरतो. दोष मशीनवाल्याचा नसतो. आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशातला, तो भडक गुलाबी छपाईच्या चार शाईंच्या आवाक्यातच नाही. फाइल आधीच सीएमवायकेत, म्हणजे सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी), पिवळा आणि काळा (के) या चार शाईंत आणा. मॅजेंटा १०० टक्के, पिवळा फार तर १०, सायन शून्य. सायन शिरला की रंग जांभळट झालाच. तेजच हवं असेल तर फ्लुरोसंट गुलाबी ही पाचवी शाई घ्या, खर्च वाढेल.

बारीक मजकूर फक्त के १००. चार रंगांतला काळा जरा सरकला की अक्षरांना रंगीत कडा दिसतात. मोठ्या काळ्या पट्ट्याला सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० पुरे. चारही १०० केले तर शाई वाळत नाही, वरच्या कागदाच्या पाठीला लागते. आणि मॅपलिथोला, म्हणजे लेप नसलेल्या साध्या कागदाला, गुळगुळीत आर्ट पेपरचं प्रोफाइल (रंगांची सेटिंग) नको, मॅपलिथो शाई पितो.