टेकडीची नोंद : वजन तेच, नाडी मात्र खाली

मंडळी, दिवाळीपासून टेकडी चढण्याची पद्धत बदलली, त्याचा हा हिशोब. वजन जवळपास आहे तिथेच आहे. कंबर ९८ वरून ९५ सेंटीमीटरवर आली. आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा ९० ची, म्हणजे अजून वरच. कंबर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी), उपाशीपोटीची साखर आणि बीपी असे पाचपैकी चार निकष माझ्यात बसत होते, आणि तीन बसले की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारी स्थिती, धरतात. तरीही मी खूश आहे.

कारण पुण्यातल्या वेताळ टेकडीचा तोच चढ त्याच वेगाने चढून गेल्यावर पूर्वी नाडी १५८ असायची, आता १४६ भरते. थांबल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात ती १४ ने उतरायची, आता २४ ने उतरते. हा उताराचा आकडा प्रत्येकाने लिहून ठेवावा असं मला मनापासून वाटतं. तो १२ किंवा त्याहून कमी येत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालाच.

माझी नवी पद्धत नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमची. मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या ३२ जणांवरचा तिथला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. १६ आठवडे, आठवड्यातून तीनदा. एक गट एकाच मध्यम गतीने चालला. दुसऱ्याने चार मिनिटं जोरात, हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या ९० टक्क्यांपर्यंत, मग तीन मिनिटं सावकाश, असे चार फेरे केले. वजन आणि बीपी दोन्ही गटांत सारखंच उतरलं. पण प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या गटात १६ टक्क्यांनी वाढली, तर दुसऱ्यात ३५ टक्क्यांनी. धमन्यांच्या आतल्या अस्तराचं कामही दुसऱ्यातच जास्त सुधारलं.

हे अस्तर म्हणजे पेशींचा जेमतेम एक थर. रक्त जोरात वाहिलं की त्याच्या घर्षणाने या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याने भोवतालचा स्नायू सैलावतो आणि धमनी रुंदावते. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की हीच क्रिया मंदावते, धमनी ताठर होत जाते आणि वरचं बीपी चढतं. वजनकाट्यावर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून केवळ काट्याकडे बघून चढणं सोडणाऱ्या माणसांसाठी जीव तुटतो.

पर्वती टेकडी चढणाऱ्यांसाठी : तिथल्या १०३ पायऱ्या चार मिनिटांना पुरत नाहीत, चढ लवकर संपतो आणि उतरताना नाडी पडते. तिथे छोटे फेरे करा, किंवा लांब चढ शोधा.

बीपी मोजायचं ते सकाळी, चढायच्या आधी. व्यायामानंतर ते काही तास खाली राहतं, तो आकडा फसवा असतो. माझं १४२/८४ चं १३२/८२ झालंय. गोळी तीच आहे.

जोराचे फेरे सुरू करण्याआधी मी डॉक्टरांना विचारून स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून घेतलेली हृदयाची तपासणी) करून घेतली. तुम्हीही घ्या. बीटा ब्लॉकर हे बीपी-हृदयाचं औषध चालू असेल तर ९० टक्क्यांचं गणित लागू पडत नाही, कारण ते औषधच ठोके दाबून ठेवतं. अशांनी दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये इतका दम लागेल असं चढावं.

पुढचं रक्त मार्चमध्ये तपासणार. ट्रायग्लिसराइड १५० च्या खाली आले की इथेच लिहीन, आणि नाही आले तरी लिहीन. तुमचे पहिल्या मिनिटाचे आकडे कळवा, वय आणि औषधांसकट.