50 फुटाला एक वीत: बाजाराच्या शेडमध्ये मांडलेलं इन्स्टॉलेशन, माझा अनुभव

बरेच दिवस लिहायचं म्हणत होते, आज शेवटी बसले. मी लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या एका शाळेवर चित्रकला शिकवते, शिक्षण संभाजीनगरला झालं, आणि मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या बाजाराच्या शेडमध्ये चार दिवस एक इन्स्टॉलेशन, म्हणजे जागेतच वस्तू मांडून केलेली कलाकृती, मांडलं: तारांवर प्रत्येकाच्या बोअरच्या खोलीच्या मापाची सुतळी, आणि ते पूर्ण लोकांनी बांधलं. मी फक्त एक दोरी बांधलेली, ती पण शेवटी राहिली नाही, ते पुढं सांगते. कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं लिहिते, कारण मला गरज होती तेव्हा मराठीत असं कुणी सांगणारं भेटलं नव्हतं.

सुरुवात 2016 ची आहे. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साल. पहिली गाडी 10 वाघिणींची, एकेका वाघिणीत साधारण 50 हजार लिटर. मी तेव्हा कॉलेजला होते आणि सुट्टीत घरी आलेले, त्याच उन्हाळ्यात बाबांनी रानात तिसरा बोअर घेतला. तमिळनाडू पासिंगची गाडी रात्रभर चालू होती, मी बांधावर बसलेले, साडेपाचशे फुटापर्यंत नुसता फुफाटा. पहाटे त्यांनी रॉड काढायला सुरुवात केली, बाबा काही बोलले नाहीत, घरी येऊन कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेनानं 550 लिहिलं आणि झोपले. आमच्याकडं असा आकडा प्रत्येक घरात आहे. कितीला मांजऱ्या दगड लागला, कितीला ओल आली, केसिंग किती फूट टाकलं, पाणाड्यानं नारळ कुठं उभा केला होता, सगळं तोंडपाठ.

कॉलेजात एका सरांनी स्लाइड दाखवलेल्या त्यात रोमन ओंडाक नावाच्या स्लोव्हाक कलाकाराचं 2007 चं एक काम होतं. रिकामी पांढरी खोली, येईल त्या माणसाला भिंतीला टेकवून उभं करायचं, डोक्यावर खूण करायची, शेजारी नाव आणि तारीख लिहायची, बस. पहिल्या दिवशी भिंत कोरी असते, हजारो माणसं होऊन गेली की खुणांवर खुणा पडून मधोमध काळा पट्टा तयार होतो आणि त्यातलं नाव वाचता येत नाही. आपण दाराच्या चौकटीवर पोरांची उंची मांडतो तेच, पण सगळ्या गावाची. माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच, आणि कधीतरी वाटलं की आपल्याकडं उंची काय मांडायची, आपल्याकडं खोली मांडली पाहिजे.

पण पहिला प्रयत्न माझा साफ चुकला. शाळेच्या गॅदरिंगला मी एक मोठा कापडी पडदा लावला, मार्कर ठेवले आणि वर लिहिलं, 'पाण्याबद्दल मनातलं लिहा.' संध्याकाळी बघते तर पडदाभर 'पाणी वाचवा', 'जल हेच जीवन', आणि चार ठिकाणी पोरांची नावं. लोक खोटं लिहीत नव्हते, पण मनातलं लिहा म्हटलं की माणूस भिंतीवरचं वाचलेलं लिहितो. त्या दिवशी मला कळलं की भावना विचारायची नाही, हाताला एक काम द्यायचं. पुढं सहा महिने मी फक्त लोकांना काय करायला सांगायचं त्या पाटीवरच्या मजकुरावर काम केलं, तारा-दोऱ्या नंतरच्या.

शेवटी पाटी अशी ठरली: 'तुमचा बोअर किती फूट गेला ते आठवा. दर 50 फुटाला तुमच्या हाताची एक वीत, तेवढी सुतळी तोडा. पाणी लागलं असेल तर साधी, कोरडा गेला असेल तर काळी. तारेला बांधा.'

जागेसाठी आधी शहरातल्या एका हॉलवाल्यांकडं गेले, त्यांनी विचारलं फ्रेम किती, मी म्हटलं एकही नाही, लोक आल्यावर तयार होणार. मग दोन चकरा मारायला लावून नाही म्हणाले, छताला काही बांधता येणार नाही म्हणून. वाईट वाटलं, पण आता वाटतं बरं झालं, कारण हॉलमध्ये कोण आलं असतं? ग्रामपंचायतीत अर्ज दिला त्यात 'इन्स्टॉलेशन' शब्द होता तर त्यांना वाटलं मशिन बसवायचंय, लाइट लागेल, म्हणून दुसऱ्या अर्जात सरळ 'दोऱ्या बांधण्याचा उपक्रम' लिहिलं आणि दोन दिवसात परवानगी मिळाली. बाजाराच्या ओट्यांवरचं पत्र्याचं शेड, खांबाला खांब धरून सात फुटावर बारा तारा ओढल्या, हात वर केला की पोचेल अशा, बुटक्यांसाठी दोन स्टूल. तीन किलो सुतळी, चार कात्र्या. चार दिवसात एक दिवस बाजाराचा येईल असं बघितलं.

पहिल्या दिवशी सकाळी तारा मोकळ्या होत्या आणि तास झाला तरी कुणी बांधेना. लोक येत, पाटी वाचत, मला विचारत, "कुठली योजना हाय का मॅडम? फॉर्म भरायचाय का?" सगळ्यात आधी आपण बांधायचं हे कुणालाच नको होतं. मग मीच बाबांच्या नावची एक काळी दोरी बांधली, 550 फूट म्हणजे अकरा विती, माझ्या हातानं मोजून. ती दिसली आणि दहा मिनिटात एक जण आला, मग एकदम सहा-सात.

एकानं कात्री हातात घेऊन हळू आवाजात विचारलं, "हे कुठं वर जाणार न्हाई ना?" मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, कायद्यानं शेतीसाठी 60 मीटरच्या, म्हणजे साधारण 200 फुटाच्या खाली बोअर घ्यायला मनाई आहे आणि आमच्याकडं 200 ला कुणाचं भागतंय. मी दोऱ्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावणार होते, ओंडाकसारखं, चिठ्ठ्या छापून पण आणल्या होत्या. त्याच्यासमोर त्या पिशवीत टाकल्या आणि पाटीवर खडूनं वाढवलं, 'नाव लिहायचं नाही.' त्यानं बारा विती मोजल्या, साडेबारा म्हणावं का म्हणून परत विचार केला, आणि थोडी जास्तच ठेवून तोडली.

आता चूक सांगते. काळी सुतळी मी घरी पातेल्यात रंगवलेली, कपड्याच्या रंगात, आणि घाईत मीठ घालायचं राहिलं, नीट धुतलीही नाही. दुपारच्या उन्हात लोकांच्या हातांना घाम, रंग सुटायला लागला. ज्याचा बोअर कोरडा गेलाय त्याचेच हात काळे, आणि तो माणूस माझ्याकडं हात धुवायला पाणी मागतोय. शेडजवळच्या टाकीत नळ होता पण पाणी चार दिवसाला एकदा येणारं. मी घरून दोन घागरी आणल्या, तरी ती दुपार मला अजून आठवली की कसंतरी होतं. नंतर एका ओळखीच्या आर्टिस्टनं सांगितलं की ते तसंच ठेवायचं होतं, त्यात अर्थ होता. मला नाही पटलं. माणसाला न सांगता त्याचे हात काळे करायचे आणि त्याला अर्थ म्हणायचं हे बरोबर नाही. रात्री सगळी उरलेली काळी सुतळी मीठ घालून परत उकळली, तीन पाण्यात काढली, ते पाणी झाडांना पण घालता आलं नाही.

सात फुटावर तार का, तर मी हिशेब केलेला की सात फुटात साधारण दहा विती बसतात, म्हणजे 500 फूट, तेवढं पुरेल. नाही पुरलं. पहिल्याच दिवशी 720 वाला आला, चौदा विती आणि वर थोडी, वरून बांधली तर खाली जमिनीवर वेटोळं पडलं. मला तार वर घ्यायची होती, तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की, खालीच गेलंय ते." दुसऱ्या दिवसापर्यंत अशी कितीतरी वेटोळी फरशीवर, आणि लोक आपोआप त्यांना न तुडवता चालायला लागले. मी कसलीही दोरी आडवी लावली नव्हती की सूचना नव्हती. शेडमध्ये लोकांच्या जाण्यायेण्याची एक वाकडीतिकडी वाटच पडली. ते काही मी ठरवलेलं नव्हतं.

एका गणिताच्या सरांनी आक्षेप घेतला की प्रत्येकाची वीत वेगळी, मग मापाला अर्थ काय, एक पट्टी ठेवा. बरोबरच होतं त्यांचं, आकडेवारी म्हणून याचा काही उपयोग नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं. पण पट्टी ठेवली असती तर लोकांनी मला आकडा सांगून दोरी मागितली असती. विती मोजताना लोक तोंडानं बोलत होते, "हितं मुरूम... हितं काळा पाषाण... हितं जरा ओल आल्ती," असं एकेक वीत पुढं सरकवत, जणू परत तो बोअर चाललाय.

बाजाराच्या दिवशी एक आजी आल्या, डोक्यावर भाजीची टोपली. "आमचा बोर न्हाई, आड व्हता, आता बुजिवला. त्याची बांधू का?" पाटीवर आडाचं काही लिहिलेलं नव्हतं. मी हो म्हटलं. त्यांनी साधी सुतळी घेतली, विती मोजल्याच नाहीत, दोन्ही हातांनी एकाआड एक ओढत गेल्या, पोहरा शेंदतात तशी, पाच-सहा ओढी, आणि थांबल्या. "एवढीच लागायची." त्यांच्या नंतर आडाच्या सतरा दोऱ्या झाल्या, सगळ्या आखूड, सगळ्या साध्या, आणि लोकांनी त्या आपणहून एका तारेवर एकत्र बांधल्या.

त्याच दिवशी एका बाईनं विचारलं, "हितं बांधल्यावर पाणी लागतंय का?" ह्याची मला भीती होतीच. आपल्याकडं झाडाला, दर्ग्याला, देवळाच्या जाळीला दोरा बांधायचा तो काहीतरी मागायला. योको ओनोचं 1996 पासूनचं 'विश ट्री' तसंच आहे, लोक झाडाला इच्छेची चिठ्ठी बांधतात, आणि त्यांनी ते लहानपणी जपानच्या देवळात बघितलेल्या झाडांवरूनच घेतलंय. पण माझ्या दोऱ्या मागण्याच्या नव्हत्या, झालेल्या गोष्टीच्या होत्या. मी त्यांना नीट सांगितलं, बाई हा नवस नाही, ह्यानं काही होणार नाही. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "तरी बांधते. दिराची हाय न्हवं तारेवर, मालकाची न्हाई." काळी घेतली. मी पुढं काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा आले. मी बोलावलं नव्हतं, रानातून येताना थांबले. तारांखालून एक चक्कर मारली, वेटोळ्यांपाशी वाकून बघितलं, मग माझी पहिली दोरी धरून, "ही कुणाची?" मी म्हटलं तुमचीच, साडेपाचशे. त्यांनी तिला वीत लावली. "साडेनऊच भरायली. माझी न्हाई ही." गाठ सोडली, दोरी माझ्या हातात दिली, आणि नवीन काळी सुतळी घेऊन ओट्यावर बसून अकरा विती मोजल्या. अंगठ्याचं नख तुटलेलं आहे त्यांचं, ते प्रत्येक वेळी सुतळीत अडकायचं, सोडवून परत तिथूनच पुढं. बांधून झाल्यावर म्हणाले, "बाकी दोन बी बांधायचे का?" ते पण बांधले, एक साधी, एक काळी. पहिला बोअर 310 ला लागलेला, मला माहीतच नव्हतं तो इतका वरचा होता.

शेवटी 386 दोऱ्या झाल्या. पाच-सहा पोरांनी तोडून नेल्या, त्या मी परत मागितल्या नाहीत. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेसनं 1991 मध्ये जोडीदाराच्या आठवणीत 175 पाउंड चॉकलेट-गोळ्यांचा ढीग मांडला होता, लोकांनी त्यातली उचलून न्यायची, ढीग परत भरायचा. तिथं नेणं हाच नियम आहे, माझ्याकडं तसा नव्हता, पण पोराला बापाची दोरी न्यावी वाटली तर न्यावी.

सोडताना एकेका तारेची जुडी वेगळी बांधली आणि किराणाच्या काट्यावर सगळं मिळून वजन केलं, 1 किलो 400 ग्रॅम. आता शाळेच्या माळ्यावर पोत्यात आहे. येत्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात हेच परत मांडायचंय, जुन्या दोऱ्यांसहित, आडासाठी पाटीवर वेगळी ओळ टाकून. तार मात्र सात फुटावरच ठेवणार. कुणाच्या गावात पत्र्याचं मोकळं शेड असेल आणि चार दिवस मिळणार असेल तर सांगा, कात्र्या आणि सुतळी मी आणते, स्टूल तेवढे तुमच्याकडचे लागतील.