बूट बाकाखाली

येरुशलेममध्ये दीड वर्ष झालं, पण सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाच्या, आत पाऊल टाकलं ते गेल्या महिन्यात. पुण्यात लाल देवळावरून (तेही सिनेगॉगच) शेकडो वेळा गेलोय, आत कधीच नाही. इथं घेऊन गेले शेजारचे काका. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचे. साठच्या दशकात आईवडिलांबरोबर आले, तरी मराठी अजून ठणठणीत. "मागे बस. मी मान खाली घातली की तूही घाल," एवढीच ताकीद.

सकाळची प्रार्थना बरीच पुढे गेल्यावर चार-पाच जण उठून बाहेर नळाकडे गेले. हे कोहेन, म्हणजे मोशेचा भाऊ आहरोन याच्या वंशातली पुरोहित घराणी. लेवी या मंदिरसेवकांच्या घराण्यातल्या एकानं त्यांच्या हातांवर पाणी घातलं. त्यांत आमच्या गल्लीतला भाजीवाला! टोमॅटोवरून माझी त्याच्याशी रोजची हुज्जत. आत आले तेव्हा सगळ्यांच्या पायांत नुसते मोजे. बूट आधीच बाकाखाली, नजरेला पडू नयेत असे सरकवलेले.

मला वाटलं, यात काय कळायचंय, आपण देवळाबाहेर चपला काढतो तसंच. पण मग बाकी सगळी मंडळी बूट घालून कशी?

कोहेन समोर जाऊन उभे राहिले. प्रार्थना चालवणाऱ्यानं "कोहानीम" अशी हाक दिली, तसे ते लोकांकडे वळले. शाल डोक्यावरून पुढे ओढलेली, हात तिच्याच आत उंचावलेले, बोटं फाकवलेली. तो एकेक शब्द सांगणार, हे मागून म्हणणार. हा लोकांना द्यायचा आशीर्वाद, हिब्रूत सगळे मिळून 15 शब्द: पहिल्या ओळीत 3, दुसरीत 5, तिसरीत 7. 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो' ही पहिली ओळ. प्रत्येक ओळीला आमेन. पुढच्या बाकावरच्या बापानं दोन्ही पोरांना आपल्या शालीत ओढून घेतलं. मी जरा मान वर केली, तर काकांचं कोपर बरगडीत.

"बघितलं तर डोळे जातात, असं आम्हाला लहानपणी सांगायचे," घरी चहा पिताना काका म्हणाले. मग बुटांचं सांगितलं. इ. स. 70 मध्ये येरुशलेममधलं ज्यूंचं मंदिर पडल्यानंतर त्या काळचे धर्मगुरू रब्बान योहानान बेन झकाई यांनी नियम घातला की कोहेनांनी आशीर्वादाला चपला घालून जायचं नाही. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात दिलेलं कारण ऐकून मी चाटच पडलो. समजा एखाद्याच्या चपलेचा बंद तुटला आणि तो बांधायला खाली बसला. बाकीचे आशीर्वाद देताहेत, हा बसलेला. लोक लगेच कुजबुजणार, याच्या जन्मातच काही खोट असेल. कोहेनानं घटस्फोटितेशी लग्न करायचं नसतं. केलं तर त्यांचा मुलगा या कामाला चालत नाही. तेव्हा चपलाच नकोत!

हातांचंही तसंच. मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदच्या मूळ जुन्या भागात, रब्बी यहूदा म्हणतात, ज्याचे हात नीळ-मंजिष्ठासारख्या रंगानं माखलेत त्यानं हात वर करू नयेत, कारण लोक बघत राहतील. पण गावात बहुतेकांचा धंदाच रंगाऱ्याचा असेल तर खुशाल करावेत. हातात व्यंग असलेल्यालाही पुढे सवलत मिळाली: सगळ्यांचेच हात शालीखाली झाकायची रीत असेल तिथे तोही उभा राहू शकतो. मला ही शाल फार आवडली. कुणाचे हात कसे आहेत, कुणाला कळतच नाही.

"तुम्ही का नाही गेलात पुढे?"

"अरे, आमच्यात परंपरेनं कोहेन नाहीतच. आम्ही घेणारे."

आणखी एक सांगितलं. आशीर्वाद 'प्रेमानं' द्यायची आज्ञा आहे, तसे शब्दच ते आधी म्हणतात. म्हणून मंडळीशी वैर असलेल्या कोहेनानं हात वर करायचे नाहीत. मी दचकलो. टोमॅटो?

"तुझं भांडण धरत नाहीत," काका म्हणाले. "तू मंडळीत कुठे? पण घासाघीस जरा कमी कर. माझा भाव बिघडवतोस."