मेणाची हिरडी

स्कूटरच्या अपघातात बाईंचे वरचे समोरचे चारही दात गेले, त्याला बरीच वर्षं झाली होती. माझ्याकडे आल्या तेव्हा तोंडात ब्रिज होता, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेले नकली दात. दात नको तितके लांब, ओठ मात्र आत गेलेला. शाळेत पहिलीचा वर्ग त्यांच्याकडे. म्हणाल्या, "‘स’ म्हटला की शिट्टी वाजते हो डॉक्टर. पोरं नक्कल करतात."

ब्रिज काढल्यावर उलगडा झाला. दात गेले की त्यांना धरणारं हाड झिजतं, आणि वरच्या समोरच्या दातांपुढची हाडाची भिंत मुळातच बहुधा एक मिलिमीटरहून पातळ. इथे रुंदी आणि उंची दोन्ही गेलेली. अशा झिजेच्या सायबर्टने १९८३मध्ये केलेल्या वर्गीकरणातला तिसरा वर्ग, म्हणजे सगळ्यांत त्रासाचा. आधीच्या ब्रिजमध्ये तो खड्डा दात लांबवून भरला होता, तरी खालून हवा जायचीच.

इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावायचे तर, आधी हाड भरावं लागणार होतं. "हनुवटीचं काढून वर लावणार? नको बाई!" साखरही आटोक्यात नव्हती, मीही फार ताणलं नाही. अँड्र्यूज ब्रिज ठरला. दोन्ही सुळ्यांवर कॅप, मधे धातूची पक्की पट्टी आणि तिच्यावर बसणारा, काढून धुता येणारा दातांचा तुकडा, अ‍ॅक्रिलिकच्या हिरडीसकट.

खरी मजा ट्रायलच्या दिवशी आली, म्हणजे पक्कं बनवण्याआधी मेणात बसवून पाहताना. मेणाची हिरडी पहिल्यांदा जाड झाली. ओठ मधमाशी चावल्यासारखा. गरम सुरीने पापुद्रा पापुद्रा काढत गेलो. मग म्हटलं, "साठापासून सत्तरपर्यंत मोजा." एकसष्ट, बासष्ट वर्गातल्यासारखे खणखणीत आले, सदुसष्टला पुन्हा शिट्टी. दातांच्या मागे, टाळूकडच्या बाजूला थोडं मेण चढवलं. पुन्हा मोजणी. या वेळी अडुसष्ट, एकोणसत्तरही साफ! बाई थांबेचनात, पार ऐंशीपर्यंत गेल्या.

"आजच घालून जाऊ?"

"मेण आहे मॅडम. घरी चहा घेतलात की संपलं."

रंगाचं मी स्वतः पाहिलं. लॅबची ठरावीक गुलाबी हिरडी आपल्याकडच्या तोंडात उपरी दिसते. बाईंच्या हिरडीवर तपकिरी छटा होती, ती फोटो काढून कळवली. पट्टीखाली बारीक ब्रश कसा फिरवायचा, तेही आरशासमोर दाखवून ठेवलं. लॅबच्या चिठ्ठीत शेवटी लिहिलं: रंग फोटोप्रमाणे, आणि मेणाचा आकार कृपया ‘सुधारू’ नये.