नाकापेक्षा मोती जड

कार्तिकात आईला पहाटे काकड्याला जायचं असतं. पंचवटीतला आमचा वाडा जुना, जिना लाकडी, त्यातली सातवी पायरी जरा कललेली. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात फुलांची परडी. मोबाईलचा उजेड धरायला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून गळ्यात अडकवता येईल असा एक इवलासा दिवा घरीच करायचं मी मनावर घेतलं.

पांढरा एलईडी हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्याला वायरी डकवायला पाच मिनिटं लागली. सेल ठरवण्यात पंधरा दिवस गेले.

आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. ‘अरे, बॅटरी आण, वीज गेली.’ पूर्वी हे मला अडाणीपणाचं वाटायचं. आता वाटतं, लोकांनी बरोबर ओळखलं होतं. उजेड देणारा तो दाणा, बाकी सगळी बॅटरीच. वडिलांची तीन मोठ्या सेलची स्टीलची बॅटरी होती. श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला ती खांद्याला अडकवून न्यायचे, आणि परतल्यावर मंदावलेले सेल गच्चीवर उन्हात ठेवायचे. ऊन खाल्लेला सेल थोडा वेळ पुन्हा पेटायचाही. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते, एवढंच. पण आम्हा पोरांना वाटायचं, सेलमध्ये ऊनच भरतंय.

मेनरोडच्या मागच्या बोळातला पार्टसवाला म्हणाला, “दादा, चौकोनी नऊ व्होल्टचा न्या, झंझट नाही.” तो सेल फोडला तर आत दीड-दीड व्होल्टची सहा पिल्लं निघतात. पांढऱ्या एलईडीला लागतात साधारण तीन व्होल्ट. उरलेले सहा व्होल्ट करंटला आवर घालणारा रेझिस्टन्स तापवण्यात जाणार. म्हणजे रुपयातले पासष्ट-सत्तर पैसे दलालीचे. नको.

माझा जीव जडला होता बटण सेलवर. २०३२ नंबरचा. ही नावं अगदी सरळ असतात: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. तीन व्होल्ट, वजन जेमतेम तीन ग्रॅम. एलईडीचे दोन पाय त्याच्या दोन बाजूंना चिमटले की रेझिस्टन्सशिवाय दिवा लागतो, कारण सेलचा आतला अडथळाच करंटला आवर घालतो. बाहीच्या बटणाएवढा दिवा! आईच्या गळ्यात घालून मी दोन पावलं मागे सरकून बघितलंसुद्धा. पहिल्या दिवशी जिना लख्ख. चौथ्या दिवशी ठीक. आठवड्याने आई म्हणाली, “हा काजवा दमला रे.” बरोबर होतं तिचं. हा सेल कॉम्प्युटरच्या घड्याळाला वर्षानुवर्षं थेंब-थेंब पाजण्यासाठी बनवलेला, त्याच्याकडून मी घागर भरून मागत होतो.

मग दुसरं टोक गाठलं. १८६५०, लिथियमचा. १८ मिलिमीटर जाडी, ६५ लांबी, शेवटचं शून्य गोल नळकांडं असल्याची खूण. ऑनलाइन मागवला, वर छापलं होतं ९९०० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप. चांगल्यातला चांगला सेल या मापात साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो, हे पैसे गेल्यावर कळलं. काट्यावर ठेवला तर तीस ग्रॅमच्या आत. अस्सल माल पंचेचाळीसच्या घरात भरतो. आणि खरा मिळाला असता तरी? लिथियम शॉर्ट झाला तर पेट घेतो, पार उतरवला तर बिघडतो, संरक्षणाची पट्टी लागते, चार्जर लागतो. हे सगळं आईच्या पदराशी लोंबकळत ठेवायची माझी छाती होईना.

शेवटी आईनेच निकाल लावला. “कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे मिळतो तो घाल. मला कळेल असा.” म्हणजे रिमोटचा बारीक पेन्सिल सेल. दोन घातले तर तीन व्होल्ट, पण थोडे उतरले की दिवा डोळे मिटायला लागतो. तीन घातले: साडेचार व्होल्ट, सोबत ६८ ओहमचा रेझिस्टन्स, करंट वीस मिलिअँपिअरच्या आसपास. अल्कलाइन सेल हजारएक एमएएचचे. कागदावर पन्नास तास. तिघांचं वजन पस्तीस ग्रॅम, दिव्याच्या कितीतरी पट. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे.

साबणाच्या प्रवासी डबीत सगळं बसवलं, नाडी ओवली. रोज अर्धा तास धरला तर शंभर दिवस, कार्तिक संपून माघ उजाडेल, असा हिशोब मी आईला समजावला. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पहाटे खिडकीतून पाहिलं, तर कोपऱ्यावर महापालिकेच्या खांबाचा उजेड पडला तिथे तिने डबीचं बटण बंद केलं, आणि खांब ओलांडल्यावर पुन्हा लावलं.

परवा गच्चीवर आवळासुपारी वाळत घातली होती. ताटाशेजारी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर भिंतीवरच्या घड्याळाचा उतरलेला सेल.

“हा काय?” मी विचारलं.

“असू दे,” आई म्हणाली, “ऊन चांगलं आहे.”