उसनं शेपूट

माझ्याकडे एकही कुत्रा नाही. तरी गावात मी 'कुत्रेवाली'. घर विचारत आलेल्याला कुणीही सांगतं, "कुत्रेवालीचं ना? सरळ जा, वळणावर." तो बिचारा फाटकाबाहेर उभा राहून आधी हाक मारतो, "कुत्रा बांधलाय ना?" बांधायला असायला तर हवा! माझे सगळे कुत्रे उसने. सकाळी आणायचे, तासाभरात ज्याचे त्याला पोचवायचे.

सुरुवात एका मोडलेल्या पायानं झाली. शेजारचे काका बांधावरून घसरले, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि त्यांचा शेरू दिवसरात्र साखळीला आला. रात्री तो असा सूर लावायचा की झोप फक्त काकांना लागायची. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली. "चार दिवस याला जरा फिरवून आणशील का गं?" पाय दोन-अडीच महिन्यांत जुळला. फिरवण्याची सवय मात्र काकांची मोडली ती मोडलीच, आणि ती मला लागली. मग पहाटे कामाला बाहेर पडणाऱ्या एका जोडप्याची चिंगी आली. मग पलीकडच्या आजींचा खंडू आला. तो म्हातारा, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि स्वभावानं आजींपेक्षाही हट्टी.

शहरात कुत्र्याला फिरवणाऱ्या माणसाकडे कुणी वळूनही बघत नाही. गावात सगळे बघतात. "कुत्र्याला फिरवायचं असतं होय? तो आपला आपण फिरतो की!" हे मी पहिल्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं की मलाही ते पटू लागलं होतं. पण मोकळा कुत्रा शेळ्यांच्या कळपात घुसतो, रस्त्यावर गाडीखाली येतो. म्हणून जो राखणीचा असतो त्याला साखळी मिळते आणि जन्मभर तो त्या साखळीच्या त्रिज्येइतकंच गाव बघतो. शेरूच्या खुंट्याभोवती जमीन गोल झिजली होती. ते वर्तुळ बघितल्यावर मी चार दिवसांचा हिशेब सोडून दिला.

आमची वाट ठरलेली. काकांच्या घरामागून पाणंद, पुढे गोठ्याचं कुंपण, मग ओढा, आणि वळून परत. माणसाला वीस मिनिटांची वाट. आम्हाला तास लागतो, तोही खंडू नसला तर. सुरुवातीला मी ओढायची. खांबापाशी काय एवढं हुंगतोस, चल ना. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ३० कोटींपर्यंत असतात आणि आपल्या नाकात जेमतेम ५०-६० लाख, हे मी वाचलं होतं. पण वाचलेलं दोरीच्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो. खंडूनं ते पोचवलं. त्याला दिसायचं बंद झालं आणि त्याच्या चालीत काहीही फरक पडला नाही. फाटकापाशी थांबायचा, नाकपुड्या हलवायचा. आत घेतलेला वास बाहेर जाणाऱ्या श्वासानं विस्कटू नये म्हणून कुत्र्याचा उच्छ्वास नाकाच्या बाजूच्या फटींतून निघतो. खंडूच्या नाकाखालची धूळ दोन्ही बाजूंना उडताना मी कितीदा तरी पाहिली आहे. मग मान ताठ. म्हणजे इथून रात्री कुणी परका गेला. मी इकडेतिकडे बघायची, मला रिकामा रस्ता दिसायचा. आंधळं नक्की कोण, असा प्रश्न पडायचा आणि मी दोरी सैल सोडायची.

गोठ्याच्या मालकाशी माझं पहिलं बोलणं म्हणजे भांडण. शेरू त्यांच्या कुरणाच्या कडेला बसला, ते लांबून ओरडत आले. मला वाटलं, एवढ्या शेणाच्या राज्यात यांना कुत्र्याचं तेवढं खुपतं! पण त्यांचं बरोबर होतं. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी चाऱ्यात जातो आणि गाभण गाय गाभडते. त्यांची एक गाय तशी गाभडली होती, डॉक्टरांनी तपासून हेच कारण सांगितलं होतं. त्या दिवसापासून खिशात पिशव्या. (कुत्र्यांच्या बसण्याचाही कुणी अभ्यास केला आहे, हे नंतर कळलं. चेक आणि जर्मन संशोधकांनी ७० कुत्र्यांच्या १,८९३ बैठकांची नोंद ठेवली आणि २०१३ साली छापलं की पृथ्वीचं चुंबकक्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्रे उत्तर-दक्षिण बसणं पसंत करतात. मी आठवडाभर होकायंत्र घेऊन फिरले. चिंगी हव्या त्या दिशेला बसते. तिचं चुंबकक्षेत्र बहुधा कायमच अशांत असतं.)

त्याच गोठ्यात ती गाय आहे. तपकिरी, डावा कान फाटलेला. तिचं नाव मला माहीत नाही. कधी विचारावंसं वाटलं नाही आणि आता इतक्या वर्षांनी विचारणं बरं दिसणार नाही.

आमची ओळख वाईट झाली. ती नुकती व्यायली होती, वासरू दोन दिवसांचं, आणि कुंपणाची एक तार तुटलेली. शेरूनं वासराकडे झेप घेतली. वासरू दुडदुडलं. गायीनं डोकं खाली घातलं, पुढच्या खुरानं माती उकरली आणि तिनं जो फुत्कार टाकला तो माझ्या पोटरीला जाणवला. गोठ्याच्या मालकानं भांडणाच्या शेवटी बजावलं होतं, "कधी अंगावर आलीच तर दोरी सोडून द्यायची. कुत्र्याला वाचवायला जाऊ नका." ब्रिटनमध्ये गावाकडे फिरणाऱ्यांसाठी जी सरकारी नियमावली आहे तिच्यातही हेच आहे. गाय कुत्र्यामागे लागते, कुत्रा तिच्यापेक्षा चपळ असतो, त्याला धरून ठेवणारा माणूस मात्र मधल्या मध्ये तुडवला जातो. सांगायला सोपं आहे. दोरी धरलेल्या हाताला मूठ उघडायला सांगावं लागतं आणि हात ऐकत नाही. कसं कोण जाणे, मी सोडली. शेरू जो सुटला तो थेट घरी. गाय त्याच्यामागे पन्नास पावलं गेली, वळली, आणि बांधावर चढून बसलेल्या माझ्याकडे बघत वासराकडे परतली. त्या बघण्यात राग नव्हता. मोजमाप होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या वाटेनं गेले. तिसऱ्या दिवशीही. पण ओढ्याला जायला ती पाणंदच जवळची, तेव्हा आठवड्यानं परत आलो आणि तीस पावलांवर थांबलो. प्रत्येक गुराभोवती एक न दिसणारं वर्तुळ असतं. त्याच्या बाहेर उभे राहिलात तर ते नुसतं बघतं, आत पाऊल टाकलंत तर ते हलतं. अमेरिकेतल्या प्राणिशास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांनी गुरं हाकण्याचं सगळं शास्त्र या वर्तुळावर बसवलं आहे. खांद्याच्या मागून आत शिरलात तर जनावर पुढे जातं, पुढून शिरलात तर मागे सरतं. आमच्या गोठेवाल्यांना हे कुणाकडून शिकावं लागलेलं नाही, पण शब्दांत सांगा म्हटलं तर ते म्हणतात, "कळतं." मला कळायला सहा महिने लागले. तीसची वीस पावलं झाली, वीसची दहा. गायीला जवळजवळ भोवतालचं सगळं दिसतं, फक्त थेट पाठीमागचं नाही. म्हणून आम्ही नेहमी बाजूनं यायचो आणि मी बडबडत यायची. काय बडबडायचे ते इथं लिहीत नाही. गायीशी बोललेलं गायीपाशीच राहावं.

दावणीला असल्यासारखा शेरू तिथं बसून राहायचा. तो शिकारी आहे की काय याबद्दल गावात दोन मतं होती, पण त्या कुंपणाशी तो कान पाडून बसायचा. एका सकाळी ती रवंथ करत करत कुंपणापर्यंत आली, मान तारेवरून बाहेर काढली आणि शेरूच्या कपाळावरून जीभ फिरवली. एकदाच. कानसेसारखी खरखरीत जीभ, शेरूची कातडी भुवयांसकट वर गेली. मग ती गवताकडे वळली. शेरूनं माझ्याकडे बघितलं. मीही त्याच्याकडे बघितलं. दोघांनाही काही सुचलं नाही.

सगळ्यांशी असं जमलं असं नाही. ओढ्याकाठच्या कावळ्यांशी वैर आहे आणि ते मिटणार नाही. चिंगीनं झाडाखाली पडलेलं पिल्लू तोंडात धरलं होतं. मी तिच्या जबड्यातून ते सोडवलं आणि उंच फांदीच्या बेचक्यात ठेवलं. कावळ्यांनी फक्त शेवटचं दृश्य पाहिलं. पिल्लू माझ्या हातात! अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये जॉन मार्झलफ या संशोधकांनी २००६ साली मुखवटा घालून कावळे पकडले होते आणि पुढची कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे त्याच्यावर ओरडत राहिले. माझ्याकडे मुखवटा नव्हता. हाच चेहरा घेऊन मला रोज त्या झाडाखालून जावं लागतं. चिंगी एकटी गेली तर ते चकार शब्द काढत नाहीत, हा अन्याय मी तिला पुन्हापुन्हा सांगते.

आणि शेळ्या. शेळ्यांबद्दल एवढंच, की त्या माणसाकडे बघतात. कुंपणात शिंग अडकलं की गाय झटापट करते, शेळी मान वळवून आपल्याकडे बघते, 'तुमच्याच्यानं होईल का बघा.' एका काळ्या शेळीचं शिंग मी आतापर्यंत अकरा वेळा सोडवलं आहे. मला आता संशय येतो की ती मला बघून अडकते.

पण मुद्दा शेपटाचा. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, हे आपल्याला म्हणीनं शिकवलं. कुठल्या बाजूला वाकडं, हे विचारायचं राहून गेलं. ते इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली विचारलं. ३० कुत्र्यांची शेपटं त्यांनी चित्रित केली. मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकतं. अनोळखी माणूस दिसला तरी उजवीकडेच, पण जरा हात राखून. समोर दांडगा परका कुत्रा आला की डावीकडे. हे वाचल्यापासून मला एकच घोर. मी मालक नाही, अनोळखीही नाही. मग माझ्या वाट्याला शेपूट नेमकं किती?

मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. कुत्रा समोरून येतो तेव्हा त्याचं उजवं ते माझं डावं, आणि उड्या मारणाऱ्या चिंगीच्या बाबतीत तर उजवं-डावं हा प्रश्नच उरत नाही. पाठीमागून चालताना सगळं स्वच्छ दिसतं. पण तेव्हा ते शेपूट माझ्यासाठी हलत नसतं. खंडूचं हलतच नाही. तो माझ्या पोटरीला नाक टेकवतो, मी मीच असल्याची खात्री करतो आणि चालू लागतो. ही हजेरी मला शेपटापेक्षा बरी वाटते, पण ती मोजणार कशी?

गेल्या महिन्यात काकांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. काका दारात येऊन जरा ओशाळून म्हणाले, "आता मीच नेत जाईन गं त्याला." मी म्हटलं, छानच की. छानच होतं. काकांचा कुत्रा काकांनी फिरवायचा, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, हे मी स्वतःला दोन-तीन दिवस समजावलं. उसनं घेतलेलं परत द्यायचं असतं. मी दिलं. सकाळी पावलं त्यांच्या फाटकाकडे वळायची तेवढी थांबवायला हवी होती.

परवा पाणंदीत समोरासमोर आलो. माझ्या हातात चिंगी. खंडू आता अंगणापलीकडे येत नाही, त्याला मी तिथंच भेटते. समोरून काका आणि शेरू. शेरूनं मला बघितलं, मग मान वर करून काकांकडे बघितलं, मग परत मला. शेपूट हललं, बेतानं, चारचौघांत जुनी ओळख दाखवावी तसं. कुठल्या बाजूला ते कळलं नाही, तो समोरून येत होता. चिंगी त्याच्या गळ्यात पडत होती, दोऱ्या एकमेकींत गुंतल्या. त्या सोडवता सोडवता काका म्हणाले, "बरी भेटलीस. याचं एक कळत नाही बघ मला. इथं आलं की हा हलतच नाही. ओढलं तरी नाही. पाच-पाच मिनिटं बसून राहतो."

"कुठं?"

"इथंच, पुढं. काही नाही तिथं. गाय आहे एक."

मी काही बोलले नाही. आम्ही चौघं कुंपणापर्यंत गेलो, काका आणि शेरू पुढे, चिंगी आणि मी मागे. शेरू खाली बसला, कान पाडून. फाटक्या कानाची ती गाय लांब होती. तिनं मान वर केली, तोंडातलं गवत तसंच ठेवून जरा वेळ बघितलं आणि आमच्या दिशेनं निघाली.

"बघ, बघ," काका म्हणाले, "आता शेपूट हलवेल."

मी त्याच्या मागेच उभी होते, त्यामुळे नीट दिसलं. उजवीकडे.